हजार पास आणि दोन रकाने

प्रश्न : मी स्पेनचा जुना चाहता. २०१८ च्या विश्वचषकात रशियाने आणि २०२२ मध्ये मोरोक्कोने आमची दांडी उडवली. दोन्ही सामन्यांत स्पेनचे हजारावर पास, ताबा पाऊण हिश्शाच्या आसपास आणि दोन्ही वेळा पेनल्टी शूटआऊटमध्ये गाशा गुंडाळला. मग चेंडू जवळ ठेवून उपयोग काय?

उत्तर : मॉस्कोतला रशियाविरुद्धचा तो सामना मी टीव्हीसमोर वही घेऊन पाहिला. ही माझी जुनी खोड, घरचे हसतात. वहीत दोन रकाने असतात. समोरच्या संघाच्या मधल्या फळीच्या अलीकडे घेतलेला पास डावीकडे, पलीकडे घेतलेला उजवीकडे. तासाभरात डावा रकाना भरून पान उलटावे लागले. उजवीकडे विरळ रेघा, त्यातल्या बऱ्याच स्पेनच्या मधल्या फळीतल्या इस्कोच्या. रशियाने मागे पाच जणांची भिंत उभी केली होती आणि स्पेनचे बचावपटू रामोस-पिके तिच्यासमोर एकमेकांकडे चेंडू सरकवत होते. स्पेनच्या खात्यावर लागलेला एकमेव गोलसुद्धा रशियाच्या इग्नाशेविचच्या टाचेला लागून गेलेला स्वयंगोल!

आता टक्केवारीची गंमत ऐका. ऑप्टासारख्या सामन्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या कंपन्या ताबा घड्याळ लावून मोजत नाहीत. एकूण पासांपैकी कुणाचे किती, यावरून हिस्सा काढतात. म्हणजे दोन बचावपटूंनी आपसांत दहा वेळा चेंडू फिरवला की टक्का वर, मग समोरच्याला घाम फुटलेला असो वा नसो.

पण म्हणून ताब्याला नावे ठेवू नका. २०११ ची वेम्ब्लीवरची चॅम्पियन्स लीग फायनल मिळाली तर पुन्हा बघा : बार्सिलोना ३, मँचेस्टर युनायटेड १. आडवे पास तिथेही ढिगाने होते, पण ते आमिष होते. बार्सिलोनाचा मेस्सी आघाडीची फळी सोडून मागे उतरायचा. युनायटेडचे बचावपटू फर्डिनंड आणि विडिच यांची पंचाईत अशी, की त्याच्यामागे जावे तर पाठीशी मैदान मोकळे. न जावे तर मेस्सी गोलकडे तोंड करून मोकळा. बार्सिलोनाच्या मधल्या फळीतल्या शावीला अडवायला युनायटेडचा कुणी पुढे सरसावला की त्याने सोडलेल्या जागेतच चेंडू जायचा. प्रशिक्षक ज्याला ‘तिसरा माणूस’ म्हणतात ते हेच. पहिल्याने दुसऱ्याला दिलेला पास फक्त बचाव ओढून घेण्यापुरता. तो खरा असतो तिसऱ्यासाठी, आणि हा तिसरा आधीच पळायला लागलेला असतो. मॉस्कोत हा तिसराच सापडेना. ज्याला त्याला चेंडू पायातच हवा होता.

तुमच्याच संघाने पुढे हे दुरुस्त केले. युरो २०२४ मध्ये क्रोएशियाला ३-० हरवले, तेव्हा चेंडू जास्त वेळ क्रोएशियाकडे होता. स्पर्धात्मक सामन्यात स्पेनच्या बाबतीत असे २००८ च्या युरो फायनलनंतर पहिल्यांदाच घडले. उजव्या रेषेला यामाल, डाव्या रेषेला निको विल्यम्स. हे दोघे कडेला चिकटून राहिले की बचावफळी ताणली जाते आणि मधे फटी पडतात. इंग्लंडविरुद्धच्या फायनलचा पहिला गोल आठवा : यामाल उजवीकडून आत शिरला, बचाव त्याच्या बाजूला ओढला गेला आणि डावीकडून धावत आलेल्या निकोला चेंडू मोकळ्या जागेत मिळाला.

पुढच्या सामन्याला तुम्हीही दोन रकाने आखा. पहिली वीस मिनिटे पुरतात. त्यापुढे माझाही हिशेब चुकतो, कारण मी सामना बघायला लागतो.

प्रश्न : २०२२ मध्ये जपानने जेमतेम १८ टक्के ताब्यावर स्पेनला २-१ हरवले. दुबळ्या संघाने चेंडू देऊन टाकून मागे बसावे, हाच यातला धडा ना?

उत्तर : अर्धाच. पूर्वार्धात जपान मागेच बसला होता आणि मोराटाच्या गोलने मागे पडला होता. मध्यंतरानंतर दोआन आणि मितोमा उतरले आणि संघ एकदम पुढे चढला. माएदा थेट स्पेनचा गोलरक्षक उनाई सिमोनच्या अंगावर गेला, सिमोनने घाईत दिलेला चेंडू इतोने स्पेनच्या बाल्देकडून हिसकावला आणि दोआनने तो जाळीत धाडला. तीनच मिनिटांनी तानाकाचा दुसरा गोल. दोन्ही गोल त्या चढाईच्या मिनिटांतले. १८ टक्क्यांचा आकडा दिसतो तो नंतरच्या वेळेमुळेही, कारण आघाडी मिळाल्यावर जपानने शेवटपर्यंत खिंडच लढवली.