मॉडिफाइड स्टार्च म्हणजे नेमकं काय करतात, आणि मराठवाड्यात त्याचं छोटं युनिट टाकता येईल का?

भोकरदनकडे घरचा मका आहे, रसायनशास्त्राची पदवी आहे. साध्या स्टार्चपेक्षा मॉडिफाइडला भाव जास्त का आणि हे काम आपल्याला जमेल का, असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं स्टार्च कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. जमेल, पण कोरड्या पद्धतीचं. पाण्यातल्या पद्धतीच्या मागे लागू नका. कारण पुढे येतंच.

मॉडिफाइड स्टार्च म्हणजे रसायनं किंवा उष्णता वापरून गुणधर्म बदललेला स्टार्च. आधी भावाचं. मक्याचा साधा स्टार्च पाण्यात ढवळत ६५-७० अंशांपर्यंत तापवला की त्याचे कण फुगतात. आणखी उकळला की फुटतात, आणि घट्ट झालेली खळ पुन्हा पातळ होते. थंड झाली की थिजते, दुसऱ्या दिवशी तिला पाणी सुटतं. आम्ल असेल तर ती आणखी लवकर बिघडते. घरच्या कपड्यांना असली खळ चालून जाते. टोमॅटो सॉसला किंवा मिनिटाला शेकडो मीटर कागद सोडणाऱ्या यंत्राला चालत नाही.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. प्रत्येक ग्लुकोजवर तीन हायड्रॉक्सिल गट मोकळे असतात, आणि सगळी रसायनं तिथेच लागतात. मला आजही नवल वाटतं ते बदल किती थोडा पुरतो याचं. कागदासाठीच्या कॅटायनिक स्टार्चमध्ये शंभर ग्लुकोजमागे दोन ते पाच ठिकाणी धनभारित गट बसवलेला असतो. कागदाचे तंतू पाण्यात ऋणभारित असतात. तेवढ्यावर स्टार्च त्यांना धरून राहतो, सांडपाण्यात वाहून जात नाही. क्रॉसलिंकिंग तर त्याहून कमी. फॉस्फेटचा किंवा ॲडिपेटचा टाका घालून एक साखळी दुसरीला शिवायची. हजारभर ग्लुकोजमागे एखादा टाका पडला तरी कण उकळीत टिकून राहतो. साखळ्या थंडाव्यात पुन्हा एकमेकींना चिकटू नयेत, पाणी सुटू नये, म्हणून अधूनमधून ॲसिटिल गट लावतात. आयएनएस १४२२ हा घातलेल्या घटकाचा क्रमांक तुम्ही सॉसच्या बाटलीवर पाहिला असेल, त्यात हे दोन्ही केलेलं असतं. हायपोक्लोराइटनं ऑक्सिडाइज केलेला स्टार्च वेगळा: साखळ्या तुटून खळ पातळ होते, थिजत नाही. तो कागदाच्या पृष्ठभागावर आणि सुताच्या ताण्याला लागतो.

आता अडचण. हे सगळं बहुतेक वेळा कण न फुगू देता, पाण्यातल्या दाट रबडीत करतात. मग उदासीन करायचं, गाळायचं, धुवायचं, वाळवायचं. धुतलेल्या पाण्यात क्षार आणि विरघळलेला स्टार्च असतो, आणि ते शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही. मक्यापासून स्टार्च काढायलाही दाणे सल्फर डायऑक्साइडच्या कोमट पाण्यात ३०-४० तास भिजवावे लागतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. अशा मुलखात छोट्या माणसानं पाण्यावर उभा असलेला धंदा कर्ज काढून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोपिलीन ऑक्साइड आणि एपिक्लोरोहायड्रिन ही रसायनं तर विषारी आणि ज्वालाग्राही. त्यांना हातच लावू नका.

म्हणून मका मोंढ्यावर विका आणि तयार स्टार्चची पोती विकत घ्या. डेक्स्ट्रिन, म्हणजे भाजून साखळ्या तोडलेला गोंदाचा स्टार्च, बनवा. कोरड्या स्टार्चवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा फवारा मारायचा, आधी ओलावा घालवायचा आणि मग भाजायचं. ओलावा राहिला तर साखळ्या तुटत जाऊन साखर होऊ लागते, आणि माल खराब. साधारण १२० अंशांच्या आत पांढरं डेक्स्ट्रिन मिळतं, १५० च्या पुढे पिवळं. पिवळ्यात तुटलेले तुकडे फांद्यांसारखे पुन्हा जोडले जातात. त्यामुळे ते थंड पाण्यात विरघळतं आणि त्याचा दाट पण वाहता गोंद होतो. पाकिटं, बाटल्यांची लेबलं, सुताचे कागदी कोन यांना असाच गोंद लागतो. सांडपाणी जवळजवळ नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत पुठ्ठ्याची खोकी बनवणारे आहेत. त्यांचा गोंद म्हणजे स्टार्च, कॉस्टिक सोडा आणि बोरॅक्स. कॉस्टिकमुळे स्टार्च कमी तापमानाला शिजतो, बोरॅक्समुळे चिकटपणा वाढतो. मोजून मिसळलेली तयार पावडर त्यांना देता आली, तर सुरुवातीला भट्टीसुद्धा लागणार नाही.

धुळीची मात्र खरोखर काळजी घ्या. हवेत उडालेली स्टार्चची पूड ठिणगीनं स्फोटासारखी पेटते. यंत्रांना अर्थिंग, धूळ ओढणारी यंत्रणा आणि रोजची झाडलोट यांत काटकसर नको.

जागा बघण्याआधी तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत परवानगी काढून थोडा स्टार्च वेगवेगळ्या तापमानाला, वेगवेगळा वेळ भाजून बघा. प्रत्येक नमुन्यावर आयोडीनचा थेंब टाका: कच्च्याला गडद निळा रंग येतो, साखळ्या तुटत गेल्या की जांभळा, मग तांबूस. सोबत थंड पाण्यात किती विरघळतं तेही वजन करून नोंदवा. ती वही आणि नमुने घेऊन खोकी-लेबलवाल्यांकडे जा, आणि त्यांना किती दाट गोंद लागतो ते विचारा.