आधी जाळी, मग नकाशा

अनेक आशीर्वाद.

मालवण सागरी अभयारण्याचं काम तुझ्याकडे आलं, हे कळलं. फाईलच्या पहिल्या पानावर आकडे मिळतील: 13 एप्रिल 1987 ची अधिसूचना, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाचा भाग, 3.18. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे बुडीत खडक या गाभ्यात येतात. पण मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर ‘अभयारण्य’ म्हणालीस, की समोरच्याचे हात जाळ्यावर चालूच राहतील, बोलणं मात्र थांबेल. त्याला त्या शब्दात फक्त मासेमारीबंदी ऐकू येते.

त्याचं चुकतं असं नाही. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी, हे वन्यजीव कायद्याच्या कलम 26-अ मध्ये आलं 1991 च्या दुरुस्तीनं. मालवणची अधिसूचना त्याआधीची. कलम 33-ब मधली सल्लागार समितीही नीट वाच. गृह आणि पशुवैद्यकीय खात्यांना तिथे खुर्ची आहे. मत्स्यव्यवसाय खात्याला नाही, मच्छीमार संस्थेलाही नाही. (समुद्रातल्या अभयारण्याला गुरांचा डॉक्टर!) पंचायत राज संस्थांचे तीन, स्वयंसेवी संस्थांचे दोन आणि संवर्धनात काम करणारे तीन, एवढ्याच जागांतून रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं रापण जाळं लावणारा मच्छीमार, आत येऊ शकतो. नावं ठरायच्या आधीच त्यासाठी धडपड कर.

नकाशा पसरायची घाई नको. आधी कोण कुठे कोणतं जाळं टाकतो, हे वर्षभराच्या पंचांगासकट लिहून काढ. रापण होडीतून अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात. तिला वाळूचा तळ लागतो. खडकावर ती फाटते, म्हणून रापणकर खडकाकडे फिरकतच नाही. ‘गाभ्यात मासेमारी बंद’ हा एकच नियम त्याच्यावर लादलास, तर ज्याच्यापासून खडकाला धोका नाही तोच तुझा शत्रू होईल. खडकाशी खरा संबंध गळवाल्यांचा, शेवंडीसाठी (लॉबस्टरसाठी) जाळं लावणाऱ्यांचा आणि ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायकांचा. या बायका बहुधा मच्छीमार सोसायटीच्या सभासद नसतात, त्यामुळे सभेच्या नोटिशीत त्यांचं नाव नसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सगळ्यात खाली जातं, तेव्हा त्या खडपावर सापडतील. तिथेच जा.

सभेची वेळ भरतीचं कोष्टक पाहून ठेव. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. कार्यालयाचे अकरा वाजलेले समुद्राला ठाऊक नसतात. होड्या बाहेर असताना घेतलेल्या सभेला पुढारीच येतात.

हद्द अक्षांश-रेखांशात सांगून कुणी पाळत नाही. मच्छीमार जागा ओळखतो ती दोन खुणा जुळवून: पुढे किल्ल्याचा बुरूज, मागे देवळाचं शिखर, दोन्ही एका रेषेत आले की जागा आली. हद्दीच्या प्रत्येक बाजूसाठी अशी जोडी तांडेलांकडूनच, म्हणजे होडीच्या म्होरक्यांकडूनच, ठरवून घे, त्यांच्याच होडीत बसून. जीपीएसवर पडताळ, पण फलकावर खुणाच लिही. मधलं एखादं झाड खुणेत धरू नकोस, पावसाळ्यात पडतं.

नियम थोडे ठेव आणि हातात धरून दाखवता येतील असे ठेव. शेवंडीची मादी उलटी केली की शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा घोस दिसतो. दिसला की सोडायची. पापलेटसाठी किमान लांबीची, म्हणजे 135 मिलिमीटरची, खूण केलेली पट्टी प्रत्येक होडीत असू दे. जाळ्यात कासव आलं, तर जाळं कापण्याआधी, कापताना आणि कासव सोडताना फोटो काढायला शिकव. कापलेल्या जाळ्याच्या भरपाईची योजना 2018 पासून आहे, 25 हजारांपर्यंत. पण फोटोशिवाय दावा अडकतो. होडीत दोघं असले तर एकाच्या हाती सुरी, दुसऱ्याच्या हाती फोन.

नोंदवहीत जाळ्याचा प्रकार, पाण्यात घालवलेले तास, डिझेलचे लिटर, जातीनुसार किलो. हमखास होणारी चूक म्हणजे रिकामी परतलेली फेरी कुणी लिहीत नाही. मग सरासरी फुगते आणि मासा आहे तितकाच आहे असं वाटतं. नवा नियम लावण्याआधी पूर्ण एक वर्ष नोंदी घे, आणि तसाच खडक हद्दीबाहेर शोधून तिथल्याही घे. नाहीतर बांगडा वाढला तर श्रेय तुला, घटला तर खापर तुझ्यावर. दोन्हींना आधार नाही.

पर्ससीन (थव्याभोवती टाकून खालून आवळायचं मोठं जाळं) किंवा मासे ओढून घेणारे एलईडी दिवे लावलेली नौका दिसली, तर गावच्या पोरांनी तिच्यावर चढायचं नाही. नोंदणी क्रमांक, वेळ, जागा टिपायची आणि मत्स्यव्यवसाय खात्याला कळवायचं. भर समुद्रातली बाचाबाची जिवावर बेतते.

सुरुवात मात्र मासेमारीपासून करू नकोस, नांगरापासून कर. स्नॉर्कलिंगच्या होड्या प्रवाळावर नांगर टाकतात आणि उचलताना फांद्या मोडतात. त्याऐवजी होड्या बांधायला कायमचे बोये (तरंगते पिंप) बसव. बोया धरून ठेवणारा तळाचा ठोकळा वाळूत ठेव, खडकावर नको. दोरी साखळीला घासते तिथे रबरी नळी चढव आणि दर पंधरवड्याला पाणबुड्याकडून तपासून घे. मेअखेर वरचा भाग काढायचा, ऑक्टोबरात पाणी निवळलं की पुन्हा लावायचा. ते काम होडीवाल्यांच्याच संघाकडे दे, पैसे तिकिटातून. पहिल्या वर्षी दोन-तीन बोये सुटून जातील, म्हणून चार जादा मागवून ठेव.