मॉड्यूल गप्प बसलाय, आता काय तपासू?

प्रश्न: आमची सासवडजवळ अंजिराची बाग आहे आणि मी राहतो धायरीला, त्यामुळे मातीतला ओलावा घरबसल्या कळावा म्हणून आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि वायो-ई५ हा लोरावॅन (कमी विजेत लांबवर रेडिओने माहिती पाठवायची पद्धत) मॉड्यूल घेतलाय. मॉड्यूल उनोच्या ० आणि १ नंबरच्या पिनला जोडलाय, बोलण्याचा वेग ९६०० बॉड ठेवलाय. एटी (मॉड्यूल जागा आहे का विचारणारी आज्ञा) पाठवलं की कधी काहीच येत नाही, कधी नुसते चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं. कोड बदलून बदलून थकलो. मॉड्यूलच खराब आहे का?
– एक वाचक, धायरी

उत्तर: मॉड्यूल बहुतेक ठणठणीत आहे, आणि कोडला तर सध्या हातच लावू नका. आधी उनो बाजूला ठेवा. तपकीर गल्लीत यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर (मॉड्यूल थेट लॅपटॉपला जोडायचं साधन) मिळतो, तो ३.३ व्होल्टवर चालणारा बघून घ्या. पहिल्यांदा त्याचीच टीएक्स (पाठवायची पिन) आणि आरएक्स (घ्यायची पिन) एकमेकांना जोडा, जे टाइप कराल ते परत स्क्रीनवर दिसलं म्हणजे लॅपटॉपकडची बाजू बरोबर. मग मॉड्यूल जोडा, याची टीएक्स त्याच्या आरएक्सला आणि उलट, आणि ग्राउंड दोघांचं एकच हवं, हे फार जण विसरतात आणि मग तासन् तास कोड चाळत बसतात. ९६०० बॉड, ओळीच्या शेवटी सीआर-एलएफ (ओळ संपल्याच्या खुणा) दोन्ही जातील असं सेटिंग, आणि एटी पाठवा. '+एटी: ओके' आलं की मॉड्यूलवरचा संशय संपला.

आता उनो. ० आणि १ या पिना बोर्डवरच्या यूएसबी चिपलाही जोडलेल्या असतात, म्हणजे एकाच वायरवर दोघं बोलतात, तुमची अडचण मला तरी इथेच दिसते. १० आणि ११ वर सॉफ्टवेअरसीरियल (साध्या पिनांवर सीरियल चालवणारी लायब्ररी) घ्या, त्यात कंसात पहिला नंबर उनोच्या आरएक्सचा असतो. ९६०० ला ते व्यवस्थित चालतं. (कुणाकडे मायक्रोचिपचा आरएन२४८३ असेल तर तो ५७६०० वर बोलतो, तिथे उनोचं सॉफ्टवेअरसीरियल डगमगतं, दुसरा हार्डवेअर पोर्ट असलेला बोर्डच बरा.)

आणि व्होल्टेज! उनो ५ व्होल्टचा, मॉड्यूल ३.३ चा. उनोच्या टीएक्सकडून १ किलोओहम, मग मॉड्यूलच्या आरएक्सपासून ग्राउंडला २ किलोओहम, असे दोन रेझिस्टर लावले की साधारण ३.३ होतात. उलट्या बाजूला, म्हणजे मॉड्यूलच्या टीएक्सकडून उनोकडे, रेझिस्टर नको, पण उनोला 'हाय' समजायला ३ व्होल्ट लागतात, म्हणजे जागा अगदी थोडी उरते, तेव्हा जंपर वायर लांबलचक आणि सैल ठेवू नका.

एटीला उत्तर येतं पण जॉइन करताना, म्हणजे नेटवर्कला जोडून घेताना, मॉड्यूल रीसेट होतो, असं झालं तर पॉवर बघा. उनोच्या ३.३ च्या पिनवरून ५० मिलीअँपियरच घ्यायचे असतात आणि पूर्ण ताकदीने पाठवताना हा मॉड्यूल १०० च्या वर जातो. वेगळा रेग्युलेटर लावा. अँटेना लावल्याशिवाय तर काही पाठवूच नका.

एवढं करूनही 'जॉइन फेल्ड' आलं तर तो प्रश्न सीरियलचा नाही. बँड आयएन८६५ निवडलाय का बघा, कारण आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ चालतो, आणि युरोपच्या सेटिंगवर राहिलेला मॉड्यूल आयएन८६५ वरच्या गेटवेला (मॉड्यूलचे संदेश इंटरनेटवर पोचवणाऱ्या यंत्राला) ऐकूच जाणार नाही.