कालव्यासमोरची खोली आणि आईचे गुडघे

गेल्या अंकात अ‍ॅमस्टरडॅमबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या काय, इनबॉक्स भरून वाहायला लागला. फिरून फिरून प्रश्न एकच, राहायचं कुठे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच निवडलेत, बाकीच्यांनी यातच आपापलं शोधून घ्या.

प्रश्न : आम्ही चौघं, मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई, वय ६८. मेमध्ये चार रात्री. कॅनॉलसमोर एक अपार्टमेंट सापडलंय, खिडकीतून पाणी, बोटी सगळं दिसतं, किचनपण आहे. आई शुद्ध शाकाहारी, सकाळी चहा आणि रात्री वरणभात लागतो. मित्र म्हणतो सेंटरमध्ये राहूच नका. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही पाठवलेले फोटो बघितले, खिडकी खरंच सुंदर आहे. पण एवढ्या फोटोंमध्ये जिन्याचा एकही नाही, आणि तिथेच पाणी मुरतंय.

अहो, ही कॅनॉलवरची घरं सतराव्या शतकातली, अरुंद आणि उंच, त्यामुळे जिन्याला जागाच नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा असंच एक घर घेतलं होतं, तिसरा मजला. दार उघडून आत शिरले तर समोर थेट जिना, जिना कसला, माळ्यावर चढायची शिडीच ती. पायरी इतकी अरुंद की पाऊल आडवं टाकायचं, आणि कडेने वरपासून खालपर्यंत एक दोरी लोंबतेय. मला वाटलं धरायला दिलीय, आपल्याकडे जुन्या वाड्यांमध्ये असायची तशी, म्हणून धरून ओढली तर मागे नुकतंच लावलेलं दार खट्कन उघडलं. ती दोरी वरच्या मजल्यावरून खालच्या दाराचं लॅच उघडायला असते, कोणी बेल वाजवली की तीन मजले उतरायला नको म्हणून. उतरताना मी चारही दिवस पाठमोरी उतरले. आणि प्रत्येक घराच्या माथ्यावर जो लोखंडी हुक दिसतो ना, तो शोभेचा नाही, सोफा-कपाटं जिन्यातून जातच नाहीत म्हणून त्या हुकाला दोर लावून बाहेरून ओढतात आणि खिडकीतून आत घेतात. म्हणजे कपाटाची सोय आहे, आईंची नाही.

तेव्हा आधी मालकाला सरळ लिहा, जिन्याचा फोटो पाठवा. तळमजला आहे म्हणाला तरी विचारा, कारण बऱ्याचदा तो अर्धा जमिनीखाली असतो आणि चार-पाच पायऱ्या उतरून जावं लागतं. जाहिरातीत रजिस्ट्रेशन नंबर आहे का तेही बघा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये स्वतःचं राहतं घर पर्यटकांना वर्षाला ठरावीक रात्रीच देता येतं, एका वेळी चारच माणसं, आणि नंबर नसेल तर प्रकरण बेकायदा. तुम्ही बरोब्बर चार आहात, म्हणजे पाचवं कोणी ऐनवेळी ‘मीपण येतो’ म्हणालं तर नाही म्हणायचं.

माझं विचाराल तर तुम्ही शहराच्या दक्षिणेतल्या झुइद स्टेशनच्या आसपास लिफ्टवालं अपार्टहॉटेल बघा, छोटं किचन असतं त्यात. हा भाग म्हणजे काचेच्या ऑफिसांचा, फोटो काढण्यासारखं काही नाही, पण विमानतळावरून ट्रेनने दहा मिनिटांच्या आत पोचता आणि ५२ नंबरची मेट्रो, २०१८ ला सुरू झालेली, तिने सेंट्रल स्टेशन पाचवा स्टॉप. सगळ्या स्टेशनांना लिफ्ट आहे. मधल्या डे पाइप स्टेशनवर मुलाला मुद्दाम उतरवा, वरचा रस्ता इतका अरुंद आहे की दोन प्लॅटफॉर्म शेजारी मावले नाहीत म्हणून एकाखाली एक बांधलेत. तिथून आल्बर्ट कॉइप बाजार चालत दोन मिनिटं, भाजी, फळं, गरम स्ट्रूपवाफल (पाक भरलेलं पातळ वाफल) सगळं मिळतं, फक्त रविवारी बंद. आणि झुइदहून २५ नंबरची ट्राम शेजारच्या आम्स्टलवेन गावाला जाते, तिथे आपली भारतीय मंडळी भरपूर, माझी मावसबहीणही तिथेच राहते, तूरडाळ नाशिकहून न्यायची अजिबात गरज नाही. हिंग मात्र न्या, घट्ट झाकणाच्या डबीत, नाहीतर आख्खी बॅग दरवळेल.

ज्यांना थोडे जास्त पैसे घालून सुंदर भागात राहायचंय त्यांनी म्युझियमप्लेनच्या मागच्या गल्ल्या बघाव्यात, शांत आहेत, रस्ते रुंद, राइक्सम्युझियम आणि व्हॅन गॉख म्युझियम पायी. पण तिथेही जुन्या इमारतीतलं छोटं हॉटेल असेल तर ‘लिफ्ट आहे का’ हे विचारायचंच, आणि ‘आहे’ म्हणाले तर ‘किती माणसांची’ हेही. मी एकदा एका लिफ्टमध्ये बॅग पाठवली आणि स्वतः जिन्याने गेले.

आणि हिशोब करताना टॅक्स धरा बरं का. शहराचा टुरिस्ट टॅक्स २०२४ पासून १२.५ टक्के आहे, आणि हॉटेलवरचा व्हॅट २०२६ च्या जानेवारीपासून ९ वरून थेट २१ टक्के झालाय. मूळ भाडं २०० युरो असेल तर ४२ आणि २५ असे मिळून २६७ भरायचे. काही साइट्स टुरिस्ट टॅक्स शेवटच्या पानावर दाखवतात, काही हॉटेलं काउंटरवर घेतात, आणि मग माणूस तिथे उभ्या उभ्या रुपयांत गुणाकार... जाऊ दे.

प्रश्न : लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे, हाउसबोटवर राहायचं ठरवतोय. कशी असते? बोट लागते का हो, मिसेसना लागते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : लागत नाही कारण ती कुठेच जात नाही. केरळ डोक्यात असेल तर काढून टाका. ही बोट काठाला कायमची बांधलेली, वीज-पाणी जोडलेलं, पत्ता असलेलं घर. शहरात अशा साधारण अडीच हजार आहेत. त्यात दोन जाती. एक खरी जुनी मालवाहू बोट, जिच्या पोटात खोल्या केल्यात, ती दिसायला देखणी पण आत छत बुटकं आणि उतरायला परत शिडी. दुसरी म्हणजे काँक्रीटच्या तराफ्यावर बांधलेली चौकोनी खोली, दिसायला अगदीच खोका, पण आत छान सपाट, प्रशस्त, उजेड भरपूर. गुडघे कुरकुरत असतील तर खोकाच घ्या.

मी दोन रात्री राहिलेय. पहाटे पाच वाजता कोणीतरी काचेवर टकटक केलं, उठून बघते तर हंस, ब्रेड मागत होता. तो क्षण मी विसरणार नाही. पण खरं सांगायचं तर दिवसा दर थोड्या वेळाने टुरिस्टांची बोट जाते, शंभरएक माणसं थेट तुमच्या जेवणाच्या टेबलात बघतात, त्यामुळे पडदे ओढून बसावं लागतं, मग कॅनॉल व्ह्यूचे पैसे कशाला दिले असं वाटतं. मोठ्या कॅनॉलऐवजी आडबाजूचा कॅनॉल शोधा. नोव्हेंबरनंतर ओल जाणवते, मे-जून उत्तम, जूनमध्ये तर रात्री दहापर्यंत उजेड. मन डळमळत असेल तर प्रिन्सेनख्राख्त या कॅनॉलवर एक हाउसबोट म्युझियम आहे, १९१४ सालच्या जुन्या बोटीत, पण ते तिथे पोचल्यावर बघणार ना तुम्ही, बुकिंग तर आत्ता करायचंय. दोन रात्री बोट, दोन रात्री हॉटेल करा.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, सध्या जर्मनीत शिकते. वीकेंडला एकटी येतेय, हॉस्टेल स्वस्त आहे पण रेड लाइट एरियात. सेफ आहे का? आईला सांगितलेलं नाहीये. (एक विद्यार्थिनी)

उत्तर : आईला सांग. भीतीपेक्षा तिथे झोपेचा प्रश्न आहे गं. डे वालन, म्हणजे हाच रेड लाइट एरिया, शहराचा सगळ्यात जुना भाग, रात्री दोन-तीनपर्यंत पिऊन आरडाओरडा करणारे घोळके, गर्दीत पाकीट सांभाळायचं एवढंच. २०२३ पासून त्या भागात रस्त्यावर गांजा ओढायलाही बंदी आहे, म्हणजे कागदावर तरी. तू स्टेओके फोन्डलपार्क हे हॉस्टेल बघ, बागेला लागून आहे, मोठं आहे, मुलींची वेगळी डॉर्म मिळते का ते बुकिंगच्या वेळी बघून घे. कुलूप स्वतःचं ने. आणि २७ एप्रिलच्या आसपास येऊ नकोस, राजाचा वाढदिवस असतो, सगळं शहर नारिंगी कपड्यांत रस्त्यावर आणि हॉस्टेलच्या बेडचा भाव हॉटेलच्या खोलीइतका.

प्रश्न : शहराबाहेर राहिलं तर किती वाचतात? झान्दाम, हार्लेम, स्लोटरडाइक, नोर्द अशी नावं दिसतात, सगळ्यांच्या पुढे ‘अ‍ॅमस्टरडॅमपासून १५ मिनिटं’ लिहिलेलं आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ठाण्याच्या माणसाला १५ मिनिटांचा अर्थ मी काय सांगणार! पण इथे ते बऱ्यापैकी खरं असतं. स्लोटरडाइक, ट्रेनने पाच-सहा मिनिटं, टॉवर हॉटेलं, वारा आणि संध्याकाळी शुकशुकाट, झोपण्यापुरतं ठीक. झान्दामला स्टेशनसमोर एक हॉटेल आहे, हिरवी लाकडी घरं एकावर एक रचल्यासारखं, मुलं खूश होतात, पवनचक्क्या जवळ. नोर्द म्हणजे सेंट्रल स्टेशनच्या मागे पाण्यापलीकडे, फेरीबोट फुकट, बाउक्सलोटरवेख धक्क्याची तर रात्रभर चालते आणि पाचेक मिनिटांत पोचवते. एनडीएसएम धक्क्याची पंधरा मिनिटं घेते आणि रात्रभर नसते, तिथे बुक केलं तर शेवटची फेरी कितीची हे बघूनच जेवायला बसा.

माझा जीव हार्लेमवर. स्वतःचे कॅनॉल, स्वतःचा चौक, चर्चमध्ये तो प्रचंड ऑर्गन जो दहा वर्षांच्या मोझार्टने १७६६ मध्ये वाजवला होता, आणि संध्याकाळी सहानंतर टुरिस्ट गायब. ट्रेनला वीसेक मिनिटं. टुरिस्ट टॅक्स प्रत्येक गावाचा वेगळा असतो, अ‍ॅमस्टरडॅमचा १२.५ टक्के तिथे लागत नाही. पण चौघांचं रोजचं जाऊन-येऊन ट्रेनभाडं मांडा, दोघं असाल तर बाहेर राहणं परवडतं, चौघं असाल तर वाचलेले पैसे बऱ्यापैकी ट्रेन खाते. एक सावधगिरी, नावात ‘अ‍ॅमस्टरडॅम’ असलेली काही हॉटेलं प्रत्यक्षात विमानतळाजवळच्या होफ्डडॉर्पला असतात. नावावर जाऊ नका, नकाशा उघडा.

प्रश्न : व्हिसासाठी बुकिंग दाखवावं लागतं, पण व्हिसा नाही मिळाला तर पैसे बुडतात. उपाय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. बुकिंगवर सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे हवीत, एकट्याचं नाव टाकून ‘४ अ‍ॅडल्ट्स’ चालेल असं समजू नका. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, त्यामुळे पॅरिसला पाच आणि इथे दोन असतील तर फ्रान्सकडे जा.

आणि तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय की हॉटेल प्रिन्सेनख्राख्तवर आहे, अ‍ॅन फ्रँक हाउसही त्याच रस्त्यावर, म्हणजे जवळच ना? (तुम्ही ‘ग्राख्त’ लिहिलंय, पण ‘ग’ नाही हो, घसा खाकरल्यासारखा ‘ख’, आपल्याला सहज जमतो.) हा कॅनॉल अर्धगोल फिरून तीन किलोमीटरवर जातो. घरांचे नंबर वायव्येच्या टोकापासून सुरू होतात आणि आम्स्टल नदीपर्यंत हजाराच्या पुढे जातात. अ‍ॅन फ्रँक हाउसचं जुनं घर २६३. तुमचा नंबर तीनशेच्या आत असेल तर शेजारीच, नऊशेच्या पुढे असेल तर अर्धा तास चाल. तिकिटं मात्र फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवडे पुढची उघडतात, तेव्हा तो मंगळवार कॅलेंडरवर आत्ताच मारून ठेवा. हॉटेलचा नंबर तेवढा कळवा, मग सांगते.