सिलिकॉनने प्रकाश दिला तर कॉम्प्युटर हजारपट वेगवान होईल का?

चिप ज्यापासून बनते ते सिलिकॉन प्रकाश देऊ लागलं की कॉम्प्युटर हजारपट वेगवान होतील, अशी बातमी वाचली असेल, तर तेवढ्या वेगाची अपेक्षा ठेवू नका. आकडेमोड चिपवरचे ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म स्विचच करणार, तीही विजेवरच. बदलेल ती माहितीची ने-आण. तांब्याच्या तारेतून बिट पाठवताना ती तार चार्ज-डिस्चार्ज होत राहते, त्यात वीज जाते आणि चिप तापते. तार लांब असेल तर खर्च आणखी वाढतो. प्रकाशाला हा भुर्दंड नाही, शिवाय एकाच वाटेवरून वेगवेगळ्या तरंगलांबींचे अनेक संदेश एकदम जातात. डेटा सेंटरं किती वीज खातात ते पाहता मला वेगापेक्षा ही बचत मोलाची वाटते.

मग हा प्रकाश देणारा लेसर सिलिकॉनचाच का नाही बनवत? इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यातून खाली येताना फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण सोडू शकतो, पण त्यासाठी इलेक्ट्रॉनचा वरचा आणि खालचा संवेग (गतीचं माप) जुळावा लागतो. अणूंची घनाकार रचना असलेल्या नेहमीच्या सिलिकॉनमध्ये तो जुळत नाही. स्फटिकाच्या कंपनांनी हात दिला तरच फोटॉन सुटतो. हे क्वचित घडतं, आणि तोवर बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठातल्या एरिक बॅकर्स यांच्या गटाने इथे स्फटिकाची रचनाच बदलली. 2020 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेलं त्यांचं काम षटकोनी रचनेच्या सिलिकॉन-जर्मेनियमवर आहे. नुसतं सिलिकॉन षटकोनी करून भागत नाही, त्याचा संवेग तरीही जुळत नाही. जर्मेनियम साधारण 65 टक्क्यांच्या वर लागतं. आणि हे मिश्रण आपणहून घनाकारच होऊ पाहतं. म्हणून त्यांनी आधी गॅलियम आर्सेनाइड या दुसऱ्या अर्धवाहकाच्या षटकोनी रचनेच्या नॅनोवायर, म्हणजे अतिसूक्ष्म तारा वाढवल्या आणि त्यांच्यावर मिश्रणाचा थर चढवला. आतल्या तारेची रचना बाहेरच्या थराने उचलली! या क्षेत्रातली इतकी सुंदर युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. मिश्रणाचं प्रमाण बदललं की प्रकाशाची तरंगलांबी 1.8 ते 3.5 मायक्रोमीटरमध्ये हवी तशी सरकवता येते.

मात्र त्या प्रयोगात नॅनोवायरवर बाहेरून लेसर मारून प्रकाश मिळवला होता. तो विजेवर चालणारा लेसर नव्हता. शिवाय चिपच्या कारखान्यात हे सगळं सिलिकॉनच्या वेफरवर (पातळ चकतीवर) वाढवता यायला हवं, आणि गॅलियम आर्सेनाइडचा पाया तिथे अडचणीचा ठरतो. आज प्रत्यक्षात इंडियम फॉस्फाइड या सहज प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेसर बनवून तो सिलिकॉनच्या चिपला जोडतात. ते उत्तम चालतं, पण ही जोडणी महाग आणि नाजूक असते. पुढची बातमी वाचताना एवढं बघा: तो लेसर विजेवर चालतो का, आणि खोलीच्या तापमानाला चालतो का.