शुगरसाठी पहिलं इंजेक्शन कुठलं घ्यायचं, आठवड्यातून एकदाचं की रोजचं इन्सुलिन?

महिनाभरात आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे तरी एकाच गोष्टीवर आहेत, शुगरच्या गोळ्या पुरत नाहीत, डॉक्टरांनी सुई काढलीय, पण कुठली सुई. त्यातले चार घेतो. डोस स्वतःच्या मनाने हलवायचा नाही हे एकदाच सांगून ठेवतो, परत परत लिहीत बसत नाही.

प्रश्न: वडील ६२ वर्षांचे, शुगरला १२ वर्षं झाली. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) १०.८ आलंय, तीन महिन्यांत ७ किलो वजन उतरलं, रात्री चार-पाचदा लघवीला उठतात. डॉक्टर इन्सुलिन म्हणतात. शेजारच्या काकांना आठवड्याचं इंजेक्शन छान लागू पडलंय, तेच दिलं तर?

नको. शेजारच्या काकांचं पोट बघा आणि वडिलांची पँट कमरेला किती ढिली झालीय ते बघा, उत्तर तिथेच आहे. काही न करता वजन उतरतंय, तहान थांबत नाहीये, म्हणजे शरीरात इन्सुलिनच कमी पडतंय, साखर रक्तात भरपूर आहे पण पेशींपर्यंत पोचत नाही म्हणून शरीर स्वतःचे स्नायू न् चरबी जाळतंय. आठवड्याची इंजेक्शनं, म्हणजे सेमाग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड ही मंडळी, स्वादुपिंडाला म्हणतात अजून इन्सुलिन सोड. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर ती भूक मारतात, आधीच वाळलेल्या माणसाची.

एचबीएवनसी १० च्या वर किंवा शुगर ३०० च्या वर, आणि सोबत ही लक्षणं, असं असलं की आधी इन्सुलिन. साधारण ग्लार्जिनसारखं दिवसातून एकदाचं, ठरल्या वेळी, १० युनिटपासून सुरू करतात आणि उपाशीपोटीची शुगर ८० ते १३० मध्ये येईपर्यंत दर तीन दिवसांनी २-२ युनिट वाढवत नेतात. आपल्याकडे ३०-७० चं मिक्स इन्सुलिन (लगेच काम करणारं ३० टक्के, सावकाश करणारं ७०) दोनदा देणारेही बरेच डॉक्टर आहेत, चालतं, फक्त मग जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, आज एकला उद्या चारला असं जमत नाही. आणि एक, शुगर आटोक्यात येऊनही वजन उतरतच राहिलं तर पोटाचा स्कॅन करायचा का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. या वयात स्वादुपिंड एकदा बघून घेतलेलं बरं.

प्रश्न: वय ४४, वजन ८८, एचबीएवनसी ८.४. मेटफॉर्मिन, विल्डाग्लिप्टिन, ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू आहेत. आठवड्याचं इंजेक्शन सुचवलंय पण मला थायरॉइड आहे, चालेल का?

हा थायरॉइडचा घोळ रोजचा आहे. तुम्ही सकाळी उपाशीपोटी घेता ती थायरॉइडची गोळी वेगळी, त्याने काही अडत नाही. अडतं ते थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कॅन्सर तुम्हाला किंवा घरात कुणाला झालेला असेल तर. स्वादुपिंडाला सूज येऊन अ‍ॅडमिट झाला होतात का, तेही सांगा. बाकी तुमच्या वजनाला आणि एचबीएवनसीला पहिलं इंजेक्शन म्हणून हेच बरं, मीही हेच लिहिलं असतं.

पण सुरू करताना गोळ्यांचं काय ते विचारून घ्या. विल्डाग्लिप्टिन बंद करतात, कारण दोन्ही एकाच रस्त्याने काम करतात, पैसे उगाच जातात. ग्लिमेपिराइड कमी करतात, नाहीतर शुगर एकदम खाली जाते. डोळ्याचा पडदाही आधी तपासून घ्या, पडद्याला आधीच त्रास असेल आणि शुगर झपकन उतरली तर तो वाढू शकतो.

सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमने सुरू होतं, पहिले चार आठवडे. तो डोस फक्त पोटाला सवय लागावी म्हणून असतो, त्यात शुगर फारशी हलली नाही म्हणून औषध फेल समजू नका. मळमळेल. थोडं खा, सावकाश खा, पोट भरलंय वाटलं की ताटात राहिलेली अर्धी पोळी संपवायच्या नादाला लागू नका. टिर्झेपटाइड २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे आलं, तेही आठवड्यातून एकदाच, वजनावर त्याचा असर आणखी जास्त. खर्च मात्र आधी घरात बसून मोजा, कारण सोडलं की भूक परत येते आणि बहुतेकांचं वजनही.

प्रश्न: इन्सुलिन म्हणजे शेवटची स्टेज ना?

नाही हो. ओपीडीत एक मावशी इन्सुलिनचं पेन बघूनच रडायला लागल्या, त्यांच्या जावेला इन्सुलिन लागलं आणि वर्षात डायलिसिस. जावेने दहा वर्षं शुगर अंगावर काढली होती, इन्सुलिन आलं तेव्हा किडन्या आधीच गेल्या होत्या. आळ मात्र सुईवर. सुरुवातीला शुगर खूप चढलेली असताना घेतलेलं इन्सुलिन पुढे कमी होतं, कुणाकुणाचं बंदही होतं.

प्रश्न: पेन परवडत नाही, बाटली घेतली तर चालेल? गावाला फ्रिजही नाही.

बाटली चालते, पण सिरिंज बघा. आपल्याकडे बाटली बहुतेक ४० ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन १०० चं. एकांनी पेन बिघडलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, म्हणजे गेलं ५० युनिट, पहाटे घामाने गादी भिजलेली. अशा वेळी, म्हणजे शुगर ७० च्या खाली गेली तर, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तूप-चरबीमुळे साखर हळू चढते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

फ्रिज नसेल तर मातीचं मडकं, त्यात पाणी, त्यावर एक वाटी आणि वाटीत प्लास्टिकच्या पिशवीत बाटली. चालू बाटली साधारण चार आठवडे टिकते, कडक उन्हाळ्यात मात्र दोन-दोन आणून ठेवू नका, एक संपत आली की दुसरी आणा. एसटीच्या डिकीत टाकलेल्या बॅगेत तर अजिबात नको.