साध्या टी-शर्टचा लहान मुलीसाठी फ्रॉक साध्या मशीनवर कसा शिवावा?

मोठ्या टी-शर्टवर लहान गळा कापायला जाऊच नका. तुमची निम्मी भानगड तिथेच मिटते.

तुम्ही लिहिलंय की घरी आईची जुनी काळी पायमशीन आहे, झिगझॅग नाही, कापलेल्या कडा गुंफणाऱ्या ओव्हरलॉक मशीनचा तर प्रश्नच नाही. नवऱ्याच्या साध्या टी-शर्टचा चार वर्षांच्या लेकीला फ्रॉक करायला घेतलात, तर पहिल्यांदा गळ्याला लाटा आल्या आणि दुसऱ्यांदा अंगात घालताना कमरेची टीप कटकन तुटली. दोन्ही माझ्या ओळखीचं आहे. माझ्या पहिल्या फ्रॉकचा गळा तर एवढा बेताचा झाला होता की पोरीचं डोकं आतच अडकलं. ती आतून रडतेय, मी बाहेरून ओढतेय आणि सासूबाई म्हणतायत, "अगं, फ्रॉक शिवलास की उशीचा अभ्रा?"

आपण मापं घेतो छातीची, कमरेची, उंचीची. डोक्याचं माप कोणी घेतच नाही. चार वर्षांच्या मुलीचं डोकं साधारण 50 सेंटीमीटर भरतं आणि कंबर असते 53-54. म्हणजे फरक किती, तर दोन-तीन बोटांचा. गळ्यातून एवढं डोकं जायला हवं आणि गेल्यावर गळा परत मिटायलाही हवा. ते काम टी-शर्टच्या गळ्याची तयार रिबपट्टी करते. साध्या मशीनवर ती पट्टी नीट बसवणं नव्या हाताचं काम नाही.

म्हणून तयार गळाच वापरायचा. तिचाच एखादा टी-शर्ट काढा, जो छातीत बसतो पण उंचीला अपुरा पडायला लागलाय. प्रत्येक घरात असा एक असतोच. त्याचा गळा, खांदे, बाह्या, मुंढे सगळं कारखान्यातून पक्कं होऊन आलेलं आहे, त्याला हात लावायचा नाही. फक्त खालचा भाग कापायचा. नवऱ्याच्या टी-शर्टचा होईल खालचा घेर, आणि त्याची खालची दुमड तशीच ठेवायची. आता तुम्हाला शिवायची आहे ती फक्त एक टीप, कमरेची.

वरचा भाग खांद्यापासून साडेनऊ इंचांवर कापा. नऊ कमरेपर्यंतचे आणि अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड. मी हल्ली पाव-अर्धा इंच वरच कापते, कारण घेराच्या वजनाने कापड खाली ओढलं जातं आणि कंबर आपोआप उतरते. घेरासाठी मोठा टी-शर्ट दुमडीपासून वर साडेतेरा-चौदा इंच मोजून आडवा कापा. पुढची आणि पाठीची बाजू एकदम कापताना आधी खालच्या दुमडी एकमेकींवर नीट जुळवून टाचण्या लावा, नाहीतर घेर एका बाजूला लोंबतो. पुरुषांच्या मध्यम मापाच्या टी-शर्टचा घेर 40 इंचांच्या आसपास असतो आणि लेकीच्या टी-शर्टचा 24 च्या. म्हणजे चुण्यांसाठी लागतं तेवढं कापड आपसूकच मिळालं, हिशोब करत बसायला नको.

कापल्यावर कड लगेच गुंडाळायला लागेल, घाबरू नका. हे कापड स्वेटरसारखं फासात फास अडकवून केलेलं असतं, त्यामुळे कड वळते पण साडीच्या पदरासारखे दोरे सुटत नाहीत. ओव्हरलॉक नसलं तरी अडत नाही ते यामुळेच.

आता टीप का तुटली ते. कापड ताणतं, सरळ टीप ताणत नाही. लेकीने हात वर केले, फ्रॉक खाली ओढला, कापड तीन-चार इंच वाढलं आणि दोरा होता तेवढाच राहिला. यावर उपाय सोपा आहे: शिवतानाच कापड ताणून धरायचं, म्हणजे दोरा ताणलेल्या मापाचा पडतो. ही युक्ती गळ्याला चालत नाही, कारण ताणून शिवलेल्या कडेला लाटा येतात. तुमच्या गळ्याचं तेच झालं. कमरेला मात्र खुशाल येऊ द्या, तिथे चुण्या असतात, त्यात लाट कुणाला दिसणार!

करायचं असं. घेराच्या वरच्या कडेला मशीनचा टाका सगळ्यात लांब करून दोन समांतर टिपा मारा, एक कडेपासून पाव इंचावर, दुसरी कडेपासून पाऊण इंचावर. सुरुवातीला आणि शेवटी दोरे लांब सोडा, गाठ मारू नका. दोन्ही टिपांचे बॉबिनचे दोरे हळूहळू ओढत चुण्या करत घेर 29-30 इंचांवर आणा. पार 24 वर आणू नका. आता दोन्ही भागांवर चार-चार खुणा करा: पुढचा मध्य, पाठीचा मध्य आणि दोन बगला. सुलट बाजू आतल्या अंगाला समोरासमोर ठेवून खुणेला खूण जुळवून टाचा. घेर थोडा मोठा आणि वरचा भाग लहान दिसेल, ते बरोबर आहे. शिवताना दोन टाचण्यांच्या मधला वरचा भाग घेराएवढा होईल इतका ताणायचा आणि दोन टिपांच्या मधून, अर्ध्या इंचावर, बेताच्या टाक्याने शिवत जायचं. एक हात सुईच्या पुढे, एक मागे. मागचा हात फक्त कापड ताठ ठेवतो, ओढत नाही. ओढलंत तर सुई वाकते. मी दोन सुया अशाच मोडल्यात.

आणि आता ज्यावर मी सगळ्यात जास्त डोकं फोडलं ते: शिवून झालं की चुण्यांचे ते दोन्ही दोरे उसवून काढा. सुती फ्रॉकला आपण ते आत तसेच ठेवतो, पण इथे तेच न ताणणारे दोरे कंबर जखडून ठेवतात आणि पहिल्याच दिवशी तुटतात. तो आवाज ऐकून मला वाटायचं की माझीच पक्की टीप गेली. तुमच्याकडेही जे कटकन झालं ते कदाचित हेच असेल, एकदा आत बघा.

सुई मात्र बदला. घरातली नेहमीची टोकदार सुई कापडाचा फास भोसकते, मग धुतल्यावर टिपेशेजारी बारीक भोकं दिसतात आणि मध्येमध्ये टाके सुटतात. मॅचिंग सेंटरमध्ये बॉलपॉइंट सुई मागा, 11 किंवा 14 नंबरची. दुकानदाराला कळलं नाही तर बनियनच्या कापडाची म्हणा. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीकडे चक्कर मारा, तिकडे असलं सगळं मिळतं. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा इथे टिकत नाही.

मशीनचे दात कापड पुढे ढकलताना लाटा काढत असतील तर दाबपट्टीच्या, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, दांड्यावरचा वरचा स्क्रू थोडा सैल करा. तरी जमलं नाही तर खाली वहीच्या कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. वर्तमानपत्र नको, पांढऱ्या कापडाला शाई लागते.

टी-शर्ट जुना असला तर चांगलंच, आटायचा तेवढा तो आधीच आटलेला असतो आणि रंगही जायचा तेवढा गेलेला असतो. कोरा घेणार असाल तर आधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात उंचीला आटतो. डाग असेल तर तो भाग समोर येऊ द्या आणि त्यावर उरलेल्या बाह्यांचा खिसा लावा. माझ्या नवऱ्याच्या हिरव्या टी-शर्टवर पावभाजीचा डाग होता, त्यावरचा खिसा लेकीला पूर्ण फ्रॉकपेक्षा जास्त आवडला. संध्याकाळपर्यंत त्यात सात खडे आणि चिंचोके होते. खिसा हाताने धावदोऱ्याने शिवलात तरी चालेल, फक्त वरचे दोन कोपरे दोन-दोनदा पक्के करा, ओढाताण तिथेच होते.

आमच्या आज्या सगळे कपडे वाढत्या अंगाचे शिवायच्या, तेही इथे जमतं. घेर दोन इंच जास्त लांब कापा आणि खालच्या दुमडीच्या वर आतून इंचभराचा टक, म्हणजे आडवी घडी, हातानेच सैल धावदोऱ्याने घाला. पुढच्या जूनमध्ये तो दोरा ओढला की दोन इंच उंची मिळते. तोवर फ्रॉक हँगरला लावू नका, घडी घालून ठेवा, कारण घेराच्या वजनाने खांदे लांबतात.